तुटलेल्या धाग्याची खूण

दुपारच्या बातम्या संपत आल्या की रेणुका बुगड रोज एक छोटीशी चोरी करायची.

पुण्यातल्या एका मराठी वृत्तवाहिनीवर ती सांकेतिक भाषेची दुभाषी होती. मोठ्या पडद्यावर निवेदिका बोलायची आणि खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत रेणुका तेच हातांनी सांगायची. शेवटी हात जोडून नमस्कार करायचा, असा वाहिनीचा दंडक होता. ते हात जवळ आणता आणता रेणुका दोन्ही हातांच्या चिमटी करायची, एकमेकींना टेकवायची आणि अर्धा पीळ द्यायची. बघणाऱ्याला वाटावं, बाई दिवसभर हात हलवून दमलीय, बोटं मोकळी करतेय. इचलकरंजीत टीव्हीसमोर चहाचा कप घेऊन बसलेल्या एका माणसाला मात्र ती गाठ कळायची.

तो माणूस म्हणजे तिचे वडील आप्पा, मल्हारी बुगड. जन्मापासून बहिरे. शाळा त्यांनी बाहेरून पाहिली तेवढीच. सगळी हयात यंत्रमागाच्या कारखान्यात गेली, आणि एका परीनं ती जागा त्यांच्यासाठीच केलेली होती. एका छपराखाली साठ-सत्तर माग धडधडायला लागले की ऐकू येणाऱ्यालाही कानांचा काही उपयोग नसतो. तिथं सगळेच हातांनी बोलतात. बाहेरच्या जगात आप्पा बिचारे होते, आत ते सगळ्यांत फर्डे वक्ते होते.

कारखान्यातल्या त्याच खुणा आप्पांनी घरी आणल्या. रेणुकाच्या आईला ऐकू यायचं, पण नवऱ्याशी बोलायचं तर हातांनीच, म्हणून दोघांनी मिळून एक भाषा रचली. ती त्या घराबाहेर कुणालाच येत नव्हती. दोन चिमटी समोरासमोर धरून फाडकन लांब केल्या की ‘धागा तुटला’. म्हणजे काहीतरी बिनसलंय. जिथं बिनसलंय तिथं ती खूण करायची. कपाळापाशी केली तर डोकं दुखतंय, पोटापाशी केली तर पोट. दोन माणसांच्या मधोमध केली तर ‘तू माझ्यावर रुसलीयस’. आणि चिमटी टेकवून पीळ दिला की ‘धागा जोडला’. सगळं ठीक आहे, मी आहे.

त्या घरात नियम एकच होता, आणि तो आईनं केलेला. भांडताना डोळे मिटायचे नाहीत. बहिऱ्या माणसानं डोळे मिटले की समोरच्यानं कितीही हात हलवले तरी ते भिंतीशी बोलणं. आई म्हणायची, मला काय वाट्टेल ते बोला, पण दार लावून घेऊ नका. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण नियम बापलेकींनी कधी मोडला नव्हता.

मग ‘अखंड’ आलं.

इंटरनेटवरून टीव्ही बघायची सवय लागली त्या काळात पडद्यावर गरगर फिरणारं एक वर्तुळ सगळ्यांच्या ओळखीचं होतं. चित्राचे बारीक तुकडे करून ते तारेतून पाठवायचे आणि घरच्या बॉक्सनं ते पुन्हा जुळवायचे, अशी ती रीत. तुकडे उशिरा आले की चित्र अडकायचं, चेहऱ्यांचे चौकोन व्हायचे. बघणारे वाढत गेले आणि तारा अपुऱ्या पडायला लागल्या. तेव्हा एका कंपनीनं वेगळीच युक्ती काढली. माणसाचं चित्र पुन्हापुन्हा पाठवायचंच कशाला? ते एकदाच घ्यावं. पुढं फक्त खुणेचे बिंदू पाठवावेत. ओठांचे कोपरे कुठं आहेत, मान किती वळली, हाताच्या प्रत्येक बोटाचं पेर कुठं आहे, एवढंच. त्या मूठभर बिंदूंवरून घरचा बॉक्स किंवा हातातला फोन माणूस नव्यानं रंगवतो.

आणि बिंदूही वाटेत गळाले तर? तर बॉक्स अंदाज करतो. त्याला कोट्यवधी तासांची चित्रं दाखवून शिकवलेलं असतं. हात इथवर आला म्हणजे पुढं तो कुठं जाणार, हे त्याला ठाऊक असतं. कानावर पडणाऱ्या आवाजाचाही तो आधार घेतो. शंभरातले नव्याण्णव अंदाज बरोबर येतात. शंभरावा चुकतो, पण तोही त्या नव्याण्णवांइतकाच लख्ख दिसतो. जुनं चित्र बिघडलं की बिघडलेलं दिसायचं. नवं चित्र बिघडलं तरी बिघडलेलं दिसत नाही.

ही शेवटची गोष्ट जाहिरातीत नव्हती, हे सांगायला नकोच. जाहिरातीत एवढंच होतं, की चित्र आता कधीच अडकणार नाही.

आप्पांच्या घरी कंपनीचा माणूस आला, टीव्हीखाली कॅमेऱ्याचा बॉक्स बसवून गेला. आप्पांनी ठेवणीतला शर्ट घातला, केस विंचरले, आणि त्यानं त्यांचा फोटो घेतला. तेव्हापासून रोज संध्याकाळी आप्पा टीव्हीतून रेणुकाच्या फोनवर यायचे. काय तो चेहरा! गालावरची दाढीची खुंटंसुद्धा मोजून घ्यावीत. समोर बसल्यासारखेच दिसायचे. म्हणूनच रेणुकाचं जाणं कमी होत गेलं. आधी महिन्याला जायची, मग सणाला. वाहिनीवर दुभाषी ती एकटीच, रजा मागितली की सगळ्यांची तोंडं वाकडी व्हायची. दिवाळीला जमलं नाही. संक्रांतीलाही नाही. पण आप्पा रोज दिसत होते, रोज हसत होते, चिमूट तोंडापाशी नेऊन सांगत होते, जेवलो. मग ती सांगायची, छान. यात काळजी करण्यासारखं काय होतं?

मार्चात एका सकाळी दस्तगीरचाचांचा फोन आला. दस्तगीर जमादार म्हणजे आप्पांच्या कारखान्यातले जॉबर, मागांची दुरुस्ती करणारे. राहायला गल्लीतच, चार घरं सोडून.

“रेणुका, मिरजेला ये. तुझ्या बापाला दवाखान्यात घातलंय.”

“काय झालं चाचा?”

“काय झालं म्हणून मलाच इचारतीस? चार म्हैनं झालं, घास उतरंना त्याच्या घशाखाली. आता पानीबी उतरंना.”

“असं कसं? कालच तर जेवलो म्हणाले मला.”

मग चाचांचा आवाज एकदम चढला.

“पोरी, खोटं बोलू नगंस. धा बार म्हनलो मी त्येला, पोरीला फोन लावतो. त्यो म्हनतोय गरज न्हाई. मी रोज सांगतोय तिला. तिला समदं ठावं हाय.”

मिरजेच्या त्या वॉर्डात रेणुका आप्पांच्या खाटेवरून पुढं निघून गेली. चाचांनी हाक मारून तिला मागं बोलावलं. खाटेवर एक माणूस होता, पण तो रोज संध्याकाळी दिसणारा माणूस नव्हता. गाल आत गेले होते, मनगटं काठीसारखी झाली होती. आजच्या एका दिवसात हे झालेलं नाही, एवढं कळायला डॉक्टर लागत नव्हता.

डॉक्टर बाईंनी बाहेर नेऊन सांगितलं. अन्ननलिकेचा कॅन्सर. आता यकृतातही गेलाय.

“गिळायला त्रास सुरू झाला तेव्हाच आणलं असतं तर हातात काहीतरी होतं. आता वेदना कमी ठेवायच्या, एवढंच. दोन आठवडे. कदाचित तेवढेही नाहीत.”

रेणुका आत आली आणि आप्पांच्या समोर बसली. तिनं हातांनी विचारलं.

“मला का सांगितलं नाहीत?”

आप्पांनी दोन्ही चिमटी गळ्यापाशी धरल्या आणि लांब केल्या. धागा तुटला. इथं. पुन्हा केली. पुन्हा केली.

“रोज सांगितलं,” ते हातांनी म्हणाले. “रोज. तू हसायचीस. छान म्हणायचीस.”

“मी पाहिलं नाही असं काही.”

“समोर बघत होतीस.” मग त्यांनी दोन्ही तळवे एकमेकांना लावले. नमस्कार. त्यांच्या घरात ही खूण कुणी कुणाला कधी करत नसे, ती परक्यांसाठी होती. “टीव्हीवर गाठ मारायचं बंद केलंस. हे करायला लागलीस. बापाला!”

“मी रोज गाठ मारते, आप्पा.”

आप्पांनी मान हलवली. रागानं नाही. नातवंड खोटं बोलताना आजोबा हलवतात तशी.

संध्याकाळी आप्पांचे कपडे आणायला ती इचलकरंजीला घरी गेली. दार उघडलं तशी टीव्हीखालच्या बॉक्सवरची दिव्याची हिरवी टिकली लागली. बॉक्सनं तिला ओळखलं होतं, मुलगी म्हणून तिचीही नोंद होती. रेणुका बराच वेळ त्या टिकलीकडं बघत उभी राहिली. मग आप्पा बसायचे त्या खुर्चीत बसली, बॉक्सवरून स्वतःच्याच फोनला कॉल लावला आणि फोन मांडीवर उभा धरला.

तिनं गळ्यापाशी चिमटी धरल्या आणि लांब केल्या.

फोनमधल्या रेणुकानं एकच हात उचलला. चिमूट चार बोटं वर सरकून ओठांपाशी गेली. दुसरा हात कुठं गेला ते कळलंही नाही. जेवले, असं फोनमधली रेणुका म्हणाली. आणि हसली.

खुर्चीतली रेणुका हसली नव्हती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पाणी फोनमध्ये नव्हतं.

तिनं चिमटी टेकवून पीळ दिला. फोनमधल्या बाईनं नम्रपणे हात जोडले.

तिनं तिथूनच मिहिर दातारला फोन केला. ‘अखंड’ची यंत्रणा वाहिनीत बसवायला तोच आला होता. बोलायला गोड मुलगा. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे घरगुती खुणा होत्या? हं. मग असं होऊ शकतं. मॉडेल प्रमाण सांकेतिक भाषेवर शिकलंय. आणि कॅमेऱ्यासमोर बसलेली आपली माणसं सगळ्यांत जास्त वेळा काय विचारतात, सांगतात? जेवलास का, जेवलो. त्याच्या जवळपास हात गेला, की त्याला वाटतं तेच म्हणायचंय. बाकीचं त्याला हाताची चूक वाटते.”

“चूक?”

“थरथर, सिग्नल गळाला, असं काहीतरी. मग ते दुरुस्त करतं.”

“आणि चेहरा? माझ्या वडिलांचं अर्धं वजन गेलंय, मिहिर.”

“चेहरा नोंदणीच्या फोटोवरून येतो. नवा फोटो घ्यायचा तर पडद्यावर परवानगी विचारतात. त्यांनी ती दिली नसावी.”

“त्यांना वाचता येत नाही.”

“अरेरे,” मिहिर म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं, हे रेणुकाला ऐकू आलं. त्या वाईट वाटण्याचं काय करायचं, ते दोघांनाही कळेना.

“हे बंद कर. निदान माझ्या चौकटीपुरतं तरी.”

“नाही करता येणार, मॅडम. खरं चित्र न्यायला तारेत जागाच ठेवलेली नाही आता. सगळं जाळंच या रीतीवर उभं आहे. मी तक्रार नोंदवतो, अगदी नक्की.”

दुसऱ्या दिवशी तिनं आप्पांना सांगायचा प्रयत्न केला. बिंदू, अंदाज, बॉक्स यांपैकी एकाही गोष्टीसाठी त्यांच्या घरात खूण नव्हती. शेवटी ती मागाकडं वळली. चांगल्या मागाला एक लहानसा काटा असतो. धागा तुटला की तो काटा पडतो आणि माग आपोआप थांबतो. कामगार येतो, गाठ मारतो, माग पुन्हा सुरू होतो. काटा बिघडलेला असला तर धागा तुटूनही माग चालतच राहतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, झकास विणतोय.

“टीव्ही तसा माग आहे,” रेणुका हातांनी म्हणाली. “तुमचा धागा तुटला होता. तो थांबला नाही.”

आप्पा विचारात पडले. शेजारी चाचा बसले होते, ते अर्धंमुर्धं समजून मान डोलावत होते. मग आप्पांनी विचारलं, “गल्लीत तो बहिरा न्हावी आहे. त्याची बायको आहे. त्यांचाही?”

“सगळ्यांचाच.”

“मग माग थांबव.” आणि जरा थांबून, “थांबवून दाखव मला.”

पटलंय की नाही, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत नव्हतं. पण रेणुकाला उपाय सुचला, आणि सुचला तेव्हा तो फार साधा वाटला. हलणाऱ्या हाताचा अर्थ चुकीचा लावता येतो. थांबलेल्या हाताचा कोण लावणार? शुक्रवारी दुपारच्या बातम्यांना ती चौकटीत बसेल आणि हात मांडीवर ठेवेल. सगळा वेळ. जिथं जिथं बहिरा माणूस टीव्हीसमोर बसलाय, तिथं त्याला कळेल की काहीतरी तुटलंय. आप्पांना कळेल की लेक आपल्याशीच बोलतेय.

“शुक्रवारी इथं वॉर्डातल्या टीव्हीवर बघा. माझे हात हलणार नाहीत. तीच आपली गाठ.”

आप्पांनी होकार दिला. एका दिवसाचा तर प्रश्न होता.

शुक्रवारी ती पुण्याला गेली. कॅमेऱ्याखालच्या फळीवर तिनं स्वतःचा फोन उभा केला आणि त्यावर ‘अखंड’वरून वाहिनी लावली. आजवर स्टुडिओतल्या पडद्यावर तिनं कॅमेऱ्याचं सरळ चित्र पाहिलं होतं. लोकांच्या घरी आपण कशा दिसतो, हे बघायची वेळच आली नव्हती.

बातम्या सुरू झाल्या. रेणुकानं हात मांडीवर ठेवले.

निवेदिका धरणातल्या पाणीसाठ्याबद्दल बोलत होती. रेणुकाच्या कानातल्या यंत्रात निर्माता ओरडला, “रेणुका, हात! रेणुका, काय झालं?” तिनं बोटं एकमेकांत अडकवली, मुद्दाम हलू नयेत म्हणून. मग तिची नजर फोनवर गेली.

कोपऱ्यातली रेणुका पाणी म्हणत होती. धरण म्हणत होती. टक्के सांगत होती. तिचे हात मोकळे, डौलदार, जरा जास्तच सफाईदार चालले होते. निवेदिकेचा आवाज ‘अखंड’ला ऐकू येत होता, आणि त्या आवाजाला हात कसे हलतात हे त्यानं रेणुकाच्याच वर्षभराच्या कामातून शिकून घेतलं होतं.

कानात दुसरा कुणीतरी निर्मात्याला म्हणाला, “अरे, राहू दे तिला. बाहेर सगळं व्यवस्थित दिसतंय.”

रेणुका उठून उभी राहिली. फोनमधली रेणुका बसूनच होती. तिनं कॅमेऱ्यासमोर येऊन दोन्ही हात आडवे धरले, ओरडली, रडली. फोनमधल्या बाईनं क्रिकेटचा निकाल सांगितला आणि हात जोडून नमस्कार केला.

त्या दिवशी वाहिनीकडं एकही तक्रार आली नाही.

मिळेल त्या गाडीनं ती मिरजेला पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. दस्तगीरचाचा वॉर्डाच्या दारातच उभे होते.

“बघितलं का त्यांनी?”

“बघितलं.” चाचांनी तिच्याकडं न बघताच सांगितलं. “टक लावून बसला हुता. संपूस्तर. तू हात जोडलंस, आन त्यानं भिंतीकडं तोंड केलं. दुपारधरनं तसाच हाय. मगाशी कळा लई मारायला लागल्या म्हनून सुई दिली.”

“चाचा, मी हात हलवले नव्हते. आईची शपथ.”

“आसंल बाई,” चाचा म्हणाले. “पर आमी तर बघितलं न्हवं?”

रेणुका खाटेच्या पलीकडच्या बाजूला, भिंतीच्या आणि खाटेच्या मधल्या फटीत शिरली आणि खाली बसली. आता आप्पांचा चेहरा तिच्या समोर होता. डोळे मिटलेले. ती रागानं मिटलेल्या डोळ्यांकडं बघत होती की औषधानं मिटलेल्या, हे तिला सांगता येईना. आईचा नियम त्यांनी मोडला होता की नव्हता, हेही नाही. सांगायचं इतकं होतं आणि सगळं हातांत होतं, आणि त्या हातांसमोर दार बंद होतं.

मग तिनं त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. थंड होते. तिनं त्यांच्या अंगठ्याला बोट टेकवून एक चिमूट केली, मग दुसरी. चिमटी जवळ आणल्या, टेकवल्या. पीळ द्यायचा राहिला. तो तिनं दिला नाही. वाट बघितली.

बऱ्याच वेळानं बोटं हलली. किंचित, एका बाजूला, गाठ घट्ट करताना हलतात तशी.

“बघ!” चाचा खाटेवर वाकले. “गाठ मारली बघ त्यानं! वळखलं तुला.”

रेणुकाला फार हवं होतं तसं. पण चाळीस वर्षं रोज शेकडो गाठी मारलेली बोटं ती. झोपेतही ती तशी हलायची. लहानपणी तिनं स्वतः पाहिलं होतं, शेजारी झोपून. आप्पा गाढ झोपलेले असायचे आणि बोटं धागा जोडत असायची.

“माहीत नाही, चाचा,” ती म्हणाली.

“माहीत न्हाई काय म्हनतीस? बघितलंस न्हवं डोळ्यांनी?”

“बोटं हलली, एवढं पाहिलं.”

पहाटे आप्पा गेले. डोळे त्यांनी पुन्हा उघडले नाहीत.

भेटायला येणारे तिला विचारत राहिले, शेवटी काही बोलले का, ओळखलं का, समाधानानं गेले ना? दस्तगीरचाचा प्रत्येकाला सांगत होते, जाता जाता पोरीच्या हातात गाठ मारून गेला. ते ऐकून माणसांना बरं वाटायचं, डोळे पुसून ती निघून जायची. रेणुकाला विचारलं की ती बोटं कशी हलली ते दाखवायची, हुबेहूब, तेवढीच, आणि हात खाली ठेवायची. त्याचा अर्थ काय, ते ती सांगत नसे. गाळलेल्या जागा भरण्याचं काम तिनं त्या दिवसानंतर कधीच केलं नाही.